बांधलेली हवा : मोटारीतील सबवूफरचे खोके

(एस. वाय. बी. ए.)

शीर्षक वाचून काही वाचकांना हसू येईल. महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कविता असाव्यात, सहलीचे वर्णन असावे, एखादा चिंतनपर लेख असावा. मोटारीच्या डिकीतल्या लाकडी खोक्याचे येथे काय काम? शिवाय लिहिणारी कला शाखेची. दहावीनंतर माझा आणि गणिताचा संबंध सुटला होता आणि तो सुटल्याचा मला आनंदच झाला होता. परंतु गेल्या उन्हाळी सुटीत ह्या खोक्याने मला पुन्हा गणिताच्या दारात नेऊन उभे केले, आणि त्या दारातून मी पोहोचले ती आमच्याच घरातल्या एका जुन्या विद्येपाशी. म्हणून हा लेख.

खोक्याची गरज का पडली?

माझा मोठा भाऊ तालुक्याच्या स्टँडवर प्रवासी टॅक्सी चालवतो. त्याला आम्ही दादा म्हणतो. दिवसातले दहा-बारा तास गाडीत जातात, तेव्हा गाणे हाच त्याचा विरंगुळा. गाडीच्या दारांत बसवलेले लहान स्पीकर गायकाचा आवाज बरा देतात, पण तबल्याचा डग्गा, ढोलकीचा घुमारा, खर्जातला सूर त्यांतून उमटतच नाही. म्हणून त्याने पैसे साठवून दहा इंची सबवूफर घेतला. दुकानदाराने हाताशी असलेल्या एका तयार खोक्यात तो बसवून दिला. खोक्याला एका बाजूस गोल नळीचे तोंड होते.

गाडी घरी आली तेव्हा आवाज मोठा होता यात शंका नाही. पण दोन दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. गाणे कोणतेही लावा, भजन असो की लावणी, खालचा आवाज एकच. जणू एकच सूर येणारा वादक प्रत्येक गाण्याला साथ करतो आहे! प्रवासी आवाज बंद करायला सांगू लागले. त्यातच एकदा दवाखान्यात निघालेल्या आजींची चाकाची खुर्ची डिकीत मावली नाही, आणि ते भाडे दुसऱ्या गाडीला गेले. त्या रात्री दादाने खोके काढून ओसरीत ठेवले आणि म्हणाला, "पैसे पाण्यात गेले."

आमचे वडील सुतार आहेत. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. हल्ली तयार फर्निचर आल्यापासून त्यांच्याकडे काम कमी येते. ते खोक्याभोवती एकदा फिरले, त्यावर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "खोकं काय, मी बी करीन. पण किती मापाचं करू, ते सांगा."

किती मापाचे? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधणे माझ्या वाट्याला आले, कारण घरात पुस्तक उघडणारी मी एकटीच. ग्रंथालयातील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातले ध्वनीचे प्रकरण आणि गणिताच्या सरांनी दिलेला एक तास, एवढ्या भांडवलावर पुढचा अभ्यास झाला आहे.

खोके मुळात लागतेच कशाला?

स्पीकरच्या आत तारेचे एक वेटोळे चुंबकाच्या फटीत लोंबकळत असते. वेटोळ्यातून वीज वाहू लागली की ते पुढेमागे हलते आणि त्याला चिकटवलेला शंकूच्या आकाराचा पडदा हवा हलवतो. ह्या प्रकारच्या स्पीकरला आज आपण पाहतो ते रूप अमेरिकेतील चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग ह्या दोघांनी १९२५ साली दिले. शंभर वर्षे झाली तरी मूळ रचना तीच आहे.

आता गंमत पाहा. पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी पडद्यामागची हवा विरळ होते. पुढचा दाब कडेने वळून मागच्या विरळ जागेत शिरतो आणि दोहोंची वजाबाकी होऊन हाती शून्य उरते. उंच सुरांच्या लहरी आखूड असतात, त्यांना ही फेरी साधत नाही. खालच्या सुरांच्या लहरी लांब असतात. सेकंदाला ४० कंपने, म्हणजे ४० हर्ट्झच्या सुराची लहर साडेआठ मीटर, सुमारे २८ फूट लांब असते. तिच्यापुढे दहा इंचांचा स्पीकर म्हणजे काहीच नाही. ती सहज वळसा घालते.

वाचकांना हा प्रयोग घरी करता येईल. उघडा स्पीकर हातात धरून बारीक आवाजात वाजवा. खर्ज ऐकू येणार नाही. मग प्लायवूडच्या मोठ्या फळीला भोक पाडून त्यावर तोच स्पीकर टेकवा. आवाज एकदम भरदार होतो. फळीने पुढच्या हवेची आणि मागच्या हवेची ताटातूट केली एवढेच. मोटारीत एवढी फळी मावत नाही, म्हणून ती फळी दुमडून तिचे खोके करायचे.

डग्गा आणि घागर

खोक्याचे मुख्य प्रकार दोन. एक पूर्ण बंद, दुसरे नळीचे.

बंद खोके म्हणजे आपला डग्गा. डग्ग्याचे भांडे खालून बंद असते, वर कातडे ताणलेले असते आणि आत हवा कोंडलेली असते. कातडे आत गेले की हवा दाबली जाते आणि त्याला बाहेर ढकलते. म्हणजे कोंडलेली हवा ही एक स्प्रिंगच. खोके लहान तर स्प्रिंग ताठ, खोके मोठे तर स्प्रिंग सैल. हवेच्या ह्या स्प्रिंगवर भिस्त ठेवून लहान खोक्यातून चांगला खर्ज काढण्याचे काम अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली केले.

नळीचे खोके म्हणजे घागर. घागरीच्या किंवा बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठराविक सूर निघतो. तोंडाजवळची हवा वजनासारखी आणि आतली हवा स्प्रिंगसारखी वागते, आणि वजन त्या स्प्रिंगवर झोके घेते. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचे नाव ह्या रचनेला दिले आहे. स्पीकरच्या खोक्याला असे तोंड ठेवण्याचे पेटंट अल्बर्ट थुरास यांना १९३२ साली मिळाले. नळीची लांबी-रुंदी नीट साधली तर मागचा वाया जाणारा आवाज उलटून पुढच्या आवाजाच्या मदतीला येतो. नीट साधली नाही तर खोके आपलाच एक सूर आळवत बसते.

दादाच्या तयार खोक्याचे माप मी घेतले. आतले घनफळ सुमारे २८ लिटर, नळीचा व्यास ३ इंच, लांबी ४ इंच. हेल्महोल्ट्झच्या सूत्रात हे आकडे घातल्यावर उत्तर आले सुमारे ५६ हर्ट्झ. आमच्या वूफरला एवढा उंच सूर जुळत नव्हता. तेव्हा प्रत्येक गाण्यात घुमणारा तो हट्टी सूर ५६ हर्ट्झच्या आसपासचा होता! दादाचा वूफर वाईट नव्हता. दुसऱ्याच्या अंगाचा सदरा त्याला घातला होता.

कागदावरचे तीन आकडे

मग वूफरच्या अंगाचा सदरा बेतायचा कसा? १९६१ साली ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी ह्याचे गणित बसवले. तोवर खोके करणे हा बराचसा अंदाजाचा मामला होता. त्यांनी दाखवून दिले की स्पीकरचे मोजकेच गुणधर्म ठाऊक असले तर खोके करण्याआधीच त्याचा आवाज कसा येईल ते सांगता येते. हे आकडे वूफरबरोबर आलेल्या कागदावर छापलेले असतात. आम्ही तो कागद खोक्याच्या पुठ्ठ्यासह टाकून देणार होतो!

बंद खोक्यासाठी त्यांतले तीन आकडे पुरतात.

पहिला एफएस. वूफर मोकळ्या हवेत असताना त्याचा पडदा आपण होऊन ज्या कंपनसंख्येला झुलतो ती ही. आमच्या कागदावर ३२ हर्ट्झ होती.

दुसरा क्यूटीएस. झुलणारा पडदा किती लवकर आवरला जातो, त्याचे हे माप. आकडा लहान तर पडदा चटकन थांबतो, मोठा तर रेंगाळतो. आमचा ०.४५.

तिसरा व्हीएएस. पडद्याला धरून ठेवणाऱ्या कडेत जेवढा ताठपणा आहे, तेवढाच ताठपणा किती लिटर हवेत असतो, ते हा आकडा सांगतो. आमचा ४० लिटर.

वूफर बंद खोक्यात घातला की हवेच्या स्प्रिंगमुळे पहिले दोन्ही आकडे वाढतात, आणि दोन्ही एकाच पटीत वाढतात. ती पट अशी काढावी : व्हीएएसला खोक्याच्या घनफळाने भागावे, त्यात १ मिळवावा आणि वर्गमूळ घ्यावे.

वाढलेला दुसरा आकडा ०.७०७ वर आला तर आवाज कोठेही फुगत नाही आणि शक्य तितका खालपर्यंत सपाट जातो. म्हणून आम्ही हे लक्ष्य धरले. आता उलट गणित करू. ०.७०७ ला ०.४५ ने भागले की पट आली १.५७१. तिचा वर्ग २.४६८. त्यातून १ वजा केला, १.४६८ उरले. ४० लिटरला १.४६८ ने भागले, उत्तर २७.२५. म्हणजे खोक्यात सव्वासत्तावीस लिटर हवा हवी. आणि ३२ ला १.५७१ ने गुणले की ५०, म्हणजे सुमारे ५० हर्ट्झपर्यंत आवाज भरून येईल, त्याखाली उतरू लागेल.

"मोठं खोकं म्हणजे जास्त बेस," असे स्टँडवर सगळे म्हणतात. ते कितपत खरे आहे हे पाहण्यासाठी मी आणखी दोन मापे करून पाहिली. १५ लिटरच्या खोक्यात हेच आकडे ०.८६ आणि ६१ हर्ट्झ येतात. आवाज वर थोडा फुगेल आणि लवकर उतरेल. ६० लिटरच्या खोक्यात ०.५८ आणि ४१ हर्ट्झ येतात. आवाज आवरलेला राहील, पण ५० हर्ट्झच्या जवळपास तो थोडा कमीच पडेल आणि डिकी भरून जाईल. तेव्हा मोठे किंवा लहान हा प्रश्नच नव्हे. वूफरला बेतशीर कोणते, हा प्रश्न आहे.

मोटार हाच खोक्याचा दुसरा भाग

येथे माझ्या मनात शंका आली. ५० हर्ट्झच्या खाली आवाज उतरणार, तर डग्ग्याच्या गाभ्याचे काय? बंद खोक्याचा आवाज त्या रेषेखाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. एक सप्तक खाली म्हणजे कंपनसंख्या निम्मी, हे संगीताच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.

पण मोटार म्हणजे घराची खोली नव्हे. गाडीचा आतला भाग सुमारे अडीच मीटर लांब धरू. लहरीची अर्धी लांबी जेव्हा ह्या अडीच मीटरपेक्षा मोठी होते, तेव्हा गाडीत लहर पसरायला जागाच राहत नाही. ही मर्यादा सुमारे ६८ हर्ट्झला येते. त्याखालच्या सुरांना पडदा सगळ्या गाडीतली हवा एकदम दाबतो आणि सोडतो, सायकलच्या पंपासारखी. त्यामुळे सूर जितका खाली, तितका गाडीतला दाब वाढतो, आणि हा चढ तत्त्वतः दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत जातो. खोक्याचा उतार १२, गाडीचा चढ १२! एकाने सोडलेले दुसरा उचलून धरतो. पत्रा थरथरतो, फटींतून हवा जाते, त्यामुळे प्रत्यक्षात चढ एवढा पुरा मिळत नाही, आणि काच उघडली की तो ओसरतो. तरीही लहानसे बंद खोके मोटारीत का शोभते, त्याचे मर्म येथे आहे. आमचे लहान खोके आणि दादाची मोकळी डिकी, दोन्ही एकाच हिशेबात बसले.

"माप आतलं का भाइरलं?"

सव्वासत्तावीस लिटर हवेत वूफरच्या चुंबकाने आणि सांगाड्याने व्यापलेली जागा मिळवावी लागते. कागदावर ती १.४ लिटर होती. आतल्या चार उभ्या कोपऱ्यांत इंच बाय इंच जाडीच्या पट्ट्या बसवायच्या होत्या, त्यांचे ०.८ लिटर. एकूण सुमारे साडेएकोणतीस लिटर. मी आप्पांना सांगितले, "साडेएकोणतीस लिटरचं खोकं."

आप्पा हसले. म्हणाले, "पोरी, लिटरनं दूध मोजत्यात. लाकूड घनफुटानं."

एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. तेव्हा आमचे खोके एक घनफुटापेक्षा थोडेसेच मोठे होते. हे ऐकताच आप्पांच्या डोळ्यांपुढे खोके उभे राहिले. त्यांनी हवेतच दोन हातांनी त्याचा आकार दाखवला. डिकीत बसेल अशी मापे आम्ही ठरवली : रुंदी १६ इंच, उंची साडेबारा इंच, खोली ९ इंच. गुणाकार १८०० घनइंच, म्हणजे साडेएकोणतीस लिटर. मी आकडे वहीच्या पानावर लिहून त्यांच्या हाती दिले आणि माझे काम झाले असे समजून उठले.

आप्पा पेन्सिल कानाला लावून कागदाकडे पाहत राहिले. मग विचारले, "माप आतलं का भाइरलं?"

वाचकहो, मला ह्याचे उत्तर देता आले खरे, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. सुतार कपाट किंवा पेटी करतो ती सहसा बाहेरच्या मापाने, कारण ती भिंतीला बसवायची असते. आमच्या खोक्यात मोजायची होती ती आतली हवा. आप्पांनी न विचारता नेहमीच्या रिवाजाने करवत चालवली असती, तर १८ मिलिमीटर जाडीची फळी सहाही बाजूंनी आत आली असती आणि साडेएकोणतीस लिटरच्या जागी वीस लिटर उरले असते. एक तृतीयांश हवा नाहीशी! नंतर मी हिशेब करून पाहिला. ५० हर्ट्झच्या जागी ५८ आणि ०.७०७ च्या जागी ०.८१ आले असते. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाच्या एका प्रश्नाने माझे तीन दिवसांचे गणित वाचवले.

दुसरी सूचनाही त्यांचीच. बाजारात पाऊण इंची म्हणून मिळणारी फळी १८ मिलिमीटरची असते, आणि पुरा पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर. मिलिमीटरभराचा फरक प्रत्येक सांध्यावर फट ठेवतो. "सुताराच्या सुतात चूक झाली तर दारात दिसती," असे ते म्हणाले. एका इंचाचे आठ सूत असतात, हे मला तेव्हा प्रथम कळले.

कापणी आणि जुळणी

ज्यांना खोके करावयाचे आहे त्यांच्यासाठी मापे मिलिमीटरमध्ये देते. वरची आणि खालची फळी ४४२ बाय २६५. दोन बाजू ३१८ बाय २६५. पुढची आणि मागची फळी ४०६ बाय ३१८. ह्या दोन्ही चौकटीच्या आत बसतात. फळी १८ मिलिमीटरचीच हवी. आठ बाय चारच्या फळीचा चौथा भाग, म्हणजे चार बाय दोन फुटांचा तुकडा, ह्या सहाही भागांना पुरतो. आप्पांनी खडूने आखणी करून दाखवली : लांबीच्या अंगाने २६५ ची एक पट्टी काढायची, तीत दोन मोठ्या फळ्या आणि एक बाजू, उरलेल्या पट्टीत पुढची, मागची आणि दुसरी बाजू आडवी. करवतीच्या पात्याने खाल्लेली जागा धरूनही सर्व मावते.

एमडीएफ की प्लायवूड, हा वाद नेहमीचा. एमडीएफ वजनदार असते, त्यात पोकळी नसते आणि ते कमी थरथरते. परंतु पाणी लागले की ते पावासारखे फुगते. आमच्याकडे पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि भिजलेल्या पिशव्या डिकीतच जातात, म्हणून आम्ही पाण्याला टिकणारे प्लायवूड घेतले.

जुळणीत तीन गोष्टी सांभाळाव्यात.

एक, काटकोन. गुण्या लावावाच, शिवाय चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. ते सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. शाळेत आयताचे कर्ण समान असतात हे मी पाठ केले होते. ते कशासाठी असतात हे आता कळले.

दोन, हवाबंद सांधे. प्रत्येक सांध्याला फेव्हिकॉल, मग शिकंजा, मग चार-चार इंचांवर स्क्रू. स्क्रूआधी बारीक भोक पाडावे, नाहीतर प्लायची कड फुटते. आतून सांध्यांवर लाकडाचा बारीक भुसा आणि फेव्हिकॉल यांची लांबी बोटाने दाबून भरावी. तार बाहेर येते ते भोक विसरू नये. वूफरच्या कडेखाली फोमची पट्टी घालावी.

तीन, वूफरचे भोक. ते कागदावरच्या मापाचेच असावे. आप्पांनी मध्यभागी खिळा ठोकला, त्याला पट्टी अडकवली, पेन्सिल फिरवून वर्तुळ काढले आणि जिगसॉने कापले.

गोंद वाळायला पूर्ण एक दिवस द्यावा. मग वूफर बसवून पडदा तळहाताने अलगद आत दाबावा आणि सोडावा. तो सावकाश परत आला तर खोके हवाबंद आहे. झटकन उसळला तर कोठे तरी गळती आहे. गळती शोधायला आम्ही उदबत्ती वापरली. खर्जाचा सूर लावून सांध्यापाशी उदबत्ती धरली. मागच्या एका कोपऱ्यात धूर फडफडला, तेथे पुन्हा लांबी भरली. शेवटी जुन्या उशीतला पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरला. त्यामुळे हवेची स्प्रिंग जरा सैल होते आणि खोके आहे त्यापेक्षा थोडे मोठे असल्यासारखे वागते.

गाडीत बसवताना

आवाजाइतकाच सुरक्षिततेचा विचार करावा. अँप्लिफायरची तार बॅटरीपासून डिकीपर्यंत गाडीच्या पत्र्यावरून जाते. वाटेत तिचे आवरण घासून ती पत्र्याला लागली तर तार लाल होऊन आग लागू शकते. म्हणून बॅटरीपासून हातभर अंतराच्या आतच फ्यूज हवा. आमचा अँप्लिफायर १५० वॅटचा. वाया जाणारी वीज धरून तो सुमारे १५ अँपिअर ओढतो. त्यासाठी १० चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि २० अँपिअरचा फ्यूज घातला. पत्रा जेथे छेदतो तेथे रबराची चकती बसवली.

खोके आणि वूफर मिळून बारा-पंधरा किलो वजन होते. जोराचा ब्रेक लागला तर तेच वजन पुढच्या माणसांवर येईल. म्हणून ते पट्ट्यांनी आणि बोल्टने जखडावे. मात्र भोक पाडण्याआधी खाली पेट्रोलची टाकी नाही ना, हे वाकून पाहावे.

अँप्लिफायरवर सुमारे ८० हर्ट्झच्या वरचे सूर सबवूफरकडे जाऊ नयेत अशी कळ असते, ती लावावी. वूफरच्या दोन तारा एकदा उलटसुलट करून ऐकाव्यात. ज्या जोडणीत डग्गा भरदार वाटतो ती बरोबर. दुसरीत दारांतले स्पीकर आणि सबवूफर एकमेकांविरुद्ध ओढत असतात.

आणि एक गोष्ट, जी दादाला मी मुद्दाम वाचून दाखवली. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त ऐकू नये, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चारच तास. जो दिवसभर गाडीत बसतो, त्याने हे प्रवाशांपेक्षाही अधिक ध्यानात ठेवावे. आपल्या देशात ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत आहे. खर्जाचे सूर भिंतीही ओलांडतात. झोपलेल्या गल्लीला आपले गाणे ऐकवण्याचा अधिकार कोणत्याही वॅटने मिळत नाही.

समारोप

खोके बसवले त्या संध्याकाळी मी मोबाइलवरून ३० पासून ८० हर्ट्झपर्यंत एकेक सूर वाजवून पाहिला. जुना हट्टी सूर कोठेही डोके वर काढीत नव्हता. मग दादाने एक भजन लावले. आप्पा मागच्या सीटवर बसले होते. वादकाने डग्ग्यावर तळवा दाबून सूर वर नेला, आणि तो चढताना प्रथमच ऐकू आला. आप्पा एवढेच म्हणाले, "आता हात दिसतो वाजवणाऱ्याचा." डिकीची अर्ध्याहून अधिक जागा मोकळी होती. दुसऱ्या दिवशी चाकाची खुर्ची घडी करून आम्ही ठेवून पाहिली, ती बसली.

हे सारे लिहिताना मी ज्याला "शिक्षण" म्हणते त्याचा पुन्हा विचार करावा लागला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. त्याचा मला थोडा अभिमान होता, आणि खरे सांगायचे तर थोडे अंतरही मी ठेवत होते. आकडेमोड मला येते, आप्पांना हातकाम येते, अशी माझ्या मनात सरळ वाटणी होती. खोक्याने ती पुसली. सूत्र हवेचे माप सांगते, पण ते माप आतले धरायचे, फळी नावाला पाऊण इंच असते आणि कोपऱ्यात धूर फडफडतो, हे सूत्राला ठाऊक नसते. तसेच कितीही हुशार हाताला ५६ हर्ट्झ डोळ्यांनी दिसत नाहीत. एकट्या गणिताने किंवा एकट्या करवतीने हवा बांधता येत नाही.

आता दादाच्या स्टँडवरचे दोघे चालक "आम्हालाही असंच खोकं करून द्या" म्हणत घरी आले होते. त्यांतल्या एकाचा वूफर बारा इंची आहे. आप्पांनी करवतीला हात लावला नाही. म्हणाले, "असंच चालणार नाही. तुमच्या वूफरचा कागद आणा. पोरगी हिशेब करल, मग मी फळी घेईन."

कागद आला आहे. ह्या वेळी मापे लिहून देताना मी प्रत्येक आकड्यापुढे "आतले" असे ठळक लिहिले आहे.